गावंडे सरांचे दोन देश

सर, तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात ते भांडायलाच. अकोल्याहून सकाळची पॅसेंजर धरून बडनेऱ्याला उतरलात, तिथून ऑटोने अमरावतीला आमच्या पेपरच्या कचेरीत आलात आणि जिन्यातूनच आवाज दिलात, "हे कोनं लिवलं?" हातात आमच्याच पेपरचं शेवटचं पान होतं, घड्या घालून घालून पोस्टकार्डाएवढं केलेलं.

मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. शेवटच्या पानावर देशोदेशीच्या बारक्या बातम्या लावायच्या आणि मधोमध एक फोटो. त्या दिवशी इथिओपियातल्या छावणीचा फोटो आला होता. बरगड्या दिसणारं मूल आणि त्याची आई. मी वर लिहिलं होतं, 'भुकेचं दुसरं नाव इथिओपिया'. मला ते शीर्षक फार आवडलं होतं. संपादकांनीही मान डोलावली होती.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

"तू गेली होती तठी?"

"नाही."

"मी सहा वर्षं होतो. पोराइले भूगोल शिकवाले."

मी घाबरले होते, म्हणून जरा जास्तच ताठ झाले. म्हटलं, "फोटो खोटा आहे का, सर?"

तुम्ही खुर्चीत बसलात. रुमालाने मान पुसलीत. "फोटो खराच हाय, पोरी. पर तुयाजवळ त्या देशाचा दुसरा एखांदा फोटो हाय का?"

नव्हता. माझ्याजवळच काय, आमच्या कचेरीत कुणाजवळच नव्हता.

खालच्या टपरीवरून चहा आला आणि तुम्ही सांगत बसलात. तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातला पोरगा जाहिरात वाचून अर्ज करतो काय आणि इथिओपियातल्या जिम्म्याच्या शाळेत जाऊन पोचतो काय. तिकडे उत्तरेत दुष्काळ पडला होता आणि जगभरच्या पेपरांत त्याचे फोटो येत होते. जिम्मा मात्र हिरवंगार, छत्रीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, चहूकडे कॉफीची झाडं. इकडे तेल्हाऱ्यात कुणीतरी तुमच्या आईला पेपरातला फोटो दाखवला. माउलीने शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं, "नोकरी सोड अन् घरी ये, अठी तुले दोन घास कमी पडनार नाहीत." पत्रामागून बोटीने पार्सल. ते चार महिन्यांनी पोचलं. त्यात पापड आणि बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या.

"आता गंमत आयक," तुम्ही म्हणालात. "मी जिच्या घरी राहत होतो ती अलमाझबाई मले रोज ताटात एक इंजेरा जास्त वाढे. इंजेरा म्हंजे आपलं आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं समज. मी म्हनो, पोट भरलं. ते आयकेच ना. मंग एक दिवस समजलं, तिनं कुठंतरी भारतावरचा एक माहितीपट पायला होता. त्यात निरा फुटपाथवर झोपलेली मानसं, दुसरं काईच नाही. तिले वाटे, हा बिचारा उपाशी देशातून आला."

मी हसले. तुम्हीही हसलात, पण पुढचं सांगताना तुमचा आवाज खाली आला. आईचं पार्सल तुम्ही अलमाझबाईसमोर उघडलंत, पापड भाजून दिलात आणि ती रडायला लागली. तुम्हाला वाटलं, तिखट लागला. तिला वाटत होतं, त्या उपाशी देशातल्या आईने आपल्या तोंडचा घास काढून लेकाला पाठवला. आणि ज्या आईसाठी ती रडत होती ती आई तेल्हाऱ्यात बसून अलमाझबाईच्या देशासाठी रडत होती.

"दोघी बी मायाळू, दोघी बी शहान्या. अन् दोघीइले कोनं फसवलं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "तुमी पेपरवाल्याईनं."

खुलासा छापा, असं तुमचं म्हणणं. संपादक म्हणाले, छापण्यासारखं काही नाही. तुम्ही निघून गेलात. आठवड्याने टपालाने एक फोटो आला. जिम्म्याच्या शाळेतला तुमचा वर्ग, तीन रांगा, पांढरे सदरे, पुढे बाकावर बेलबॉटम घातलेले तुम्ही. फोटोच्या पाठीमागे एकेका मुलाचं नाव रांगेनुसार देवनागरीत लिहिलेलं. खाली एकच ओळ, 'याइच्याकडे पाहून तेच शीर्षक पुन्हा लिवजो.'

मी फोटो छापू शकले नाही. तसं कळवलं. तुमचं कार्ड आलं, 'छापू नको. ठेव.'

अशी आपली ओळख झाली. मग अकोल्याला काही काम निघालं की मी जठारपेठेत तुमच्याकडे यायची. तुम्ही लग्न केलं नव्हतंत. धाकटी बहीण कुसुमताई नवरा गेल्यावर तुमच्याकडे राहायला आली होती. ती मला जेवू घालायची आणि तुम्ही मला पेपर वाचून दाखवायचात, माझाच पेपर, चुकांसकट. कुठल्या देशाला आम्ही 'मागास' म्हटलं, कुठल्या देशातल्या सगळ्या माणसांना एका विशेषणात कोंबलं, ते लाल पेनाने गोल करून ठेवलेलं असायचं. मला राग यायचा. तरी पुढच्या महिन्यात मी पुन्हा यायची. बातमी लिहिताना हात थांबायला लागला होता माझा. वाटायचं, हे गावंडे सरांच्या हातात पडणार आहे.

तुमचा अभिमान मला नीट कळायला वेळ लागला. एका शाळेत तुम्हाला पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं होतं, मी बातमीसाठी आले होते. तुम्ही उभे राहिलात आणि बोललात ते इथिओपियावर. त्यांची स्वतःची लिपी आहे, त्यांच्या वर्षाला तेरा महिने आहेत, आणि जवळच्या शाळेत झेंडा चढताना अलमाझबाई भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून उभी राहायची. लोक चुळबुळायला लागले. मागून एका पालकाने आवाज दिला, "सर, आपल्या देशाबद्दल बोला."

तुम्ही म्हणालात, "त्याच्याबद्दलच बोलून राहिलो. मी तिच्या झेंड्याले उभा राहत होतो, म्हनून ते माया झेंड्याले उभी राहे. सव्वीस जानेवारीले त्या घरात आमी दोघंच असू, अन् मी एकटा 'जन गण मन' म्हनो. पुरं होईपर्यंत ते हालत नव्हती."

चुळबूळ थांबली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. परत येताना रिक्षात तुम्ही जरा उदास होता. मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं की माझ्या अंगावर काटा आला होता. मी फक्त विचारलं, "भाषणाची प्रत आहे का?"

आता त्या उन्हाळ्याचं लिहायला हवं. इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

अकोल्याचा पारा चढला की बाहेरच्यांना अकोला आठवतं. त्या वर्षी परदेशी वाहिनीची माणसं आली. उष्णतेवर फिल्म करायची होती. त्यांना मराठी-इंग्रजी करणारं माणूस हवं होतं, कुणीतरी माझं नाव सुचवलं. मला ते काम हवं होतं, सर. आपलं काम अमरावतीच्या बाहेर कुठेतरी दिसावं, असं मलाही वाटत होतं. त्यांची निर्मातीबाई भली होती, गोड बोलायची, सारखं पाणी प्यायची. तिला घरात राबणारी बाई हवी होती, आणि मी त्यांना तुमच्याकडे घेऊन आले.

कुसुमताई आणि गल्लीतल्या बायका त्या दिवसांत तुमच्या गच्चीवर कुरडया घालायच्या. पहाटे पाचला चढायच्या आणि नऊच्या आत खाली. निर्मातीबाईला मात्र ऊन भर डोक्यावर हवं होतं. त्या दिवशीचं काम उरकून बायका केव्हाच घरी गेल्या होत्या. पाहुणे म्हणतात म्हणून कुसुमताईंनी त्यांना पुन्हा बोलावलं, चिकाचं पातेलं पुन्हा वर नेलं, बारा वाजता. कॅमेरा लागला. बाईने विचारलं, "या उन्हात तुम्ही कशा जगता?" मी मराठीत विचारलं.

कुसुमताईंचं उत्तर मला शब्दनशब्द पाठ आहे. त्या म्हणाल्या, "ऊन भल्लं तपते, नाई कोन म्हनते? मागच्या साली मी याच गच्चीवर चक्कर येऊन पडली. पर हे ऊन नसतं तं ह्या कुरडया वायल्या असत्या का? आमी सहा जनी सात घरच्या कुरडया घालतो. पहाटी येतो, नवाले उतरतो. आमाले उनाचा टाइम समजते. तुमी भर बाराले वर चढल्या, म्हनून तुमाले असं होऊन राहिलं. आधी खाली चला, पन्हं घ्या, मंग काय इचाराचं ते इचारा."

बायका खदखदून हसल्या. निर्मातीबाईने माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं ठणकत होतं, कॅमेरावाला घड्याळ दाखवत होता. आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ऊन फार आहे. गेल्या वर्षी मी इथेच चक्कर येऊन पडले. पण करणार काय, इलाज नाही."

तुम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होतात. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही बोलला नाहीत. चारचौघांत माझा पाणउतारा होऊ नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, हे कळायला मला फार वेळ लागला.

दोन महिन्यांनी फिल्मची लिंक आली. माझ्या लॅपटॉपवर तुमच्याच बैठकीत आपण पाहिली. कुसुमताई पंधरा सेकंद दिसल्या. पदराने कपाळ पुसतात, मागे एक रडवं वाद्य वाजतं, खाली इंग्रजीत माझी तीन वाक्यं येतात. हसण्याचा भाग नव्हता.

"खाली काय लिवलं हाय, दादा?" त्यांनी विचारलं.

"ऊन हाय म्हनते," तुम्ही म्हणालात. "तू पाय, कशी सुंदर दिसून राहिली."

त्या लाजून चहा ठेवायला आत गेल्या. तुम्ही माझ्याकडे वळलात. "'इलाज नाही' हे कुसुमचं वाक्य नाही. हे तुयं हाय."

मी म्हणाले, उन्हाने माणसं मरतात, सर. मी आठवडाभर उष्माघाताच्या वॉर्डात बसून बातम्या केल्यात. तिथल्या नातेवाइकांना जाऊन सांगू का, की कुरडया छान वाळतात? देशाचा अभिमान म्हणून झाकून ठेवायचं का सगळं?

"झाक कोन म्हनते? वॉर्ड बी दाखव, गच्ची बी दाखव."

"पंधरा सेकंदांत दोन्ही मावत नाही."

"मंग पंधरा सेकंदाचं काम घेऊ नको."

"बोलायला सोपं आहे, सर. घरात बसून लाल पेनाने गोल करायला काय लागतं!"

हे मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही ज्या शांतपणे ऐकून घेतलंत, ते मला अजून सोसत नाही. मग तुम्ही म्हणालात, "तिले गरीब दाखवलं, याचं मले काई नाही. गरिबी आमी भोगली हाय. ते घरी आलेल्या पाहुनीले पन्हं देऊन राहिली होती, ज्योती. यजमानीन होती ते. तिले तुमी भिकारीन केलं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. चहा न घेताच मी निघाले.

जवळजवळ सव्वा वर्ष आले नाही. तुम्हीही कार्ड टाकलं नाहीत. मग दिवाळीच्या आधी फोन, "कुसुम इचारून राहिली, ज्योती काहून येत नाही." मी दुसऱ्याच दिवशी आले. तुम्ही लोखंडी कढईत कॉफीच्या बिया भाजल्यात, जिम्म्याच्या पद्धतीने. घरभर धूर झाला, कुसुमताई खोकत ओरडल्या. त्या फिल्मचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही. पुढची तीन वर्षं आपण सगळ्या जगावर बोललो, पण त्या तीन वाक्यांवर एकदाही नाही.

या पावसाळ्यात तुमचा दमा वाढला. दवाखान्यात भेटायला आले तेव्हा नाकाला नळी होती. वॉर्डातल्या टीव्हीवर शेजारच्या एका देशाबद्दल आरडाओरडा चालला होता. तिथली माणसं कशी आहेत, त्यांना काय समजतं, काय समजत नाही, वगैरे. तुम्ही वॉर्डबॉयला खुणेने आवाज बंद करायला सांगितलंत. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "गुरुजी, चांगलं चालू होतं." तुम्ही नळी जरा बाजूला करून म्हणालात, "तो देश मी पायला नाही, भाऊ. पर तो असा नसन, एवढं मी सांगू शकतो." तेवढ्या बोलण्याने तुम्हाला धाप लागली.

मी मोसंबी सोलत होते. मनात होतं, आज सांगावं. चुकले म्हणावं. एकेक फोड करून तुमच्या हातात दिली आणि पेपरातल्या बदल्यांचं काहीबाही बोलत राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखं वाटलं मला. मग मी म्हणाले, "येते, सर. रविवारी पुन्हा येते." शुक्रवारीच कुसुमताईंचा फोन आला.

तेराव्याला आले. जेवणं झाली, लोक पांगले. कुसुमताई गच्चीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, ताई, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी त्या बाईला सांगितलंच नाही, तुमचं अर्धं बोलणं टाकून दिलं आणि माझ्या पदरचं एक वाक्य तुमच्या नावावर घातलं.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच सांजेले दादानं सांगतलं. तू चहा न पेता गेली ना, तवा. मी म्हटलं, येऊ दे, इचारतो तिले. तं मले म्हने, इचारू नको. ते पोरगी आपल्या मनानं येऊन सांगन. मी म्हटलं, नाही सांगतलं तं? म्हने, सांगन. मी वळखतो तिले."

सर, चार वर्षं. प्रत्येक वेळी मी दारात आले की तुम्ही आज सांगेल, आज सांगेल, असं म्हणत असाल. आणि प्रत्येक वेळी मी कॉफी पिऊन गेले.

मला रडू आवरेना. कुसुमताईंनी पाठीवर हात ठेवला, पण फार वेळ रडू दिलं नाही. "दादाची बातमी लावशीन ना तुया पेपरात? मंग काढ वही. आता मी सांगतो तसं लिव."

मी वही काढली. त्यांनी सांगितलं, दादा भूगोलाचा मास्तर होता. परदेशात शिकवून आला, पण तिकडचा तोरा कधी मिरवला नाही. बहिणीला घरात ठेवून घेतलं आणि कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. मग म्हणाल्या, "भल्ला हट्टी होता, हे बी लिव. तीन-तीन दिवस अबोला धरे. केसाइले कलप लावे अन् कोनाले समजत नाही म्हने."

"ताई, शोकवार्तेत असं लिहीत नाहीत."

"काहून? निरा चांगलं लिवलं तं लोकाइले वाटन, दुसराच कोनी मेला. मी त्या हट्टी मानसासंगं राहिली बावीस वर्षं. मले तोच पायजे पेपरात."

त्यांनी सांगितलं ते सगळं उतरवलं आणि वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'बहिणीला घरी आणलं' असं मी माझ्या शब्दांत लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "आनलं नाही. घ्याले आला होता तो. सोता, बैलगाडी घेऊन, पावसात." मी खोडून तसं लिहिलं. आमच्याकडे पान लावणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, 'हट्टी' काढू का?" मी म्हटलं, नाही, आणि कलपही राहू दे.

सकाळी कुसुमताईंचा फोन आला. शेजारच्या सुनेकडून त्यांनी दोनदा वाचून घेतलं होतं. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आता दादाच वाटते. पर तुयं काई नाही त्यात."

माझं इथे लिहिते आहे, सर.

मी चुकले. कुसुमताईंच्या तोंडी मी ते वाक्य घातलं, कारण परक्या माणसाला काय ऐकायचं आहे ते मला कळलं होतं आणि मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. यात ना देशाचं काही होतं ना उन्हाचं. एवढंच होतं, आणि एवढं सांगायला मला चार वर्षं पुरली नाहीत.

बाकीचं भांडण मात्र मी सोडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी उष्माघाताच्या वॉर्डात जाणार आहे, आणि तिथे जे दिसेल ते छापणार आहे, कुणाला देशाची बदनामी वाटली तरी. फक्त खाटेवरच्या माणसाला आधी विचारणार आहे, तुमचं गाव कोणतं, काय करता, घरी कोण कोण आहे. ते किती शब्दांत मावेल, ठाऊक नाही. तुम्ही म्हणाला असतात, अजून बरंच राहिलं. राहिलं असेल, सर. पण ते गोल करायला आता कुणी नाही, आणि मला त्याची फार सवय झाली होती.